एका पणजीचे तीन बाप

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजोबांना सव्वा पान मिळालंय. त्यात त्यांचं शिक्षण आहे, मामलेदार कचेरीतली कारकुनी आहे, कुठून कुठे बदली झाली ते आहे, जुनाट पोटशूळ आहे, काशीयात्रा आहे आणि त्यांच्याकडे असलेली पांढरी घोडीसुद्धा आहे. घोडी कोणत्या इनामदाराकडून घेतली, हेही संपादकांनी कष्टाने मिळवून छापलंय. पणजीला एक ओळ आहे : ‘भार्या सीता. माहेर उपलब्ध नाही.’

म्हणजे बाहेरून आमच्या घरात दोघी आल्या, एक घोडी आणि एक पणजी. पैकी घोडीचं कुळ पक्कं आहे.

कुलवृत्तांत ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं. कोकणस्थांच्या बऱ्याच आडनावांनी असे जाडजूड ग्रंथ काढलेत. त्यात घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाला एक आकडा असतो. दत्तक गेलेल्याला आकडा असतो, परागंदा झालेल्याला असतो, घर सोडून गोसावी झालेल्यालाही असतो. बायकोला आकडा नसतो. ती नवऱ्याच्या आकड्यात राहते. मुलींची मात्र नावं असतात आणि कुठे दिल्या तेही असतं, कारण हुंडा आपल्या खिशातून गेलेला असतो.

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी शोधावं म्हणतात. कुणी ईश्वर शोधतात. मी पणजीचा बाप शोधायला घेतला. ईश्वराबद्दल निदान लेखी साहित्य तरी आहे, हे नंतर कळलं.

पहिली अडचण नावाची. सीता हे तिचं सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, त्याच क्षणी जुनं नाव रद्द. त्या काळातल्या नामवंत बायकांची यादी घेतली तरी तेच. आनंदीबाई जोशी 1865 साली जन्मल्या त्या यमुना म्हणून. रमाबाई रानडे म्हणजे कुर्लेकरांची यमुनाच. लोकमान्यांच्या सत्यभामाबाई मूळच्या लाडघरच्या बाळांकडच्या तापी. झाशीच्या लक्ष्मीबाई तांब्यांची मनू आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक गोखल्यांची मनू. एवढ्याशा यादीत दोन यमुना आणि दोन मनू निघाल्या, तर अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात किती निघतील? आनंदीबाईंनी त्यातल्या त्यात काटकसर केली. त्यांचं माहेरही जोशी आणि सासरही जोशी.

आमच्या पणजीचं तर सासरचं नावही फारसं वापरात नव्हतं. दिरांच्या मुलांनी तिला ‘काकू’ म्हणायला सुरुवात केली, पुढे तिच्या पोटची मुलंही तिला काकूच म्हणू लागली. सासू ‘थोरली’ म्हणायची. पणजोबा नुसतं खाकरायचे आणि तेवढ्यावर संसार झाला. नाव हाकेपुरतं लागतं, आणि हाक कुणी मारलीच नाही. तिचा उखाणा मात्र माझ्या नव्वदी ओलांडलेल्या आत्याला अजून पाठ आहे. तिच्या नावावर असलेली ही एकमेव साहित्यकृती. तिच्यात पणजोबांचं नाव आहे.

शोधाची बातमी नातेवाइकांत फुटली आणि मग माहितीला तोटा राहिला नाही.

थोरले काका म्हणाले, “अरे, ती साताऱ्याकडच्या सरदार घराण्यातली. तुझ्या आजोबांचं नाक बघ!” आजोबांचं नाक फोटोत चांगलं भरदार आहे. पणजोबांचंही नेमकं तसंच आहे, हे मी दाखवलं. काका म्हणाले, “मग नाकं जुळली म्हणूनच सोयरीक झाली असेल.”

नागपूरच्या चुलतकाकूंचा पक्ष झाशीचा. राणीच्या पदरच्या एका कुटुंबातली ही मुलगी, गर्दीत निसटून कोकणात आली, असं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलेलं. पुरावा काय, तर पणजी घोडीला घाबरत नसे. मी हळूच म्हटलं, “काकू, सत्तावन्न साली पणजी जन्मायला अजून दहा-अकरा वर्षं होती.” काकू क्षणभरही अडल्या नाहीत. “मग तिची आई निसटली असेल. संस्कार उतरतात.”

आत्याचा पक्ष कोकणाचा. तिने पणजीला लहानपणी पाहिलेलं. “काकू कोकणातलीच हो. घाटावरची बाई असं सांदण करणार नाही. तिचा भाऊ यायचा कधीमधी. ओटीवर बसायचाच नाही. पाय धुतले की थेट स्वयंपाकघरात. आमटीचा वास घेऊन सांगायचा, हिंग उशिरा पडलाय. आमची आजी, म्हणजे काकूच, त्याच्यावर डोळे वटारायची.” त्यावर काका ताबडतोब म्हणाले, “बघा! सरदार घराण्यातली माणसं खाण्याची शौकीन असतातच.”

एवढ्या चर्चेनंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हरवलेला पूर्वज नेहमी वरच्या दिशेने हरवतो. कुणाचा अज्ञात खापरपणजोबा सरदार असतो, कुणाचा कारभारी असतो, फार तर संन्यासी असतो. तो आचारी, वाटाड्या किंवा कर्ज बुडवून पळालेला किराणा दुकानदार कधीच नसतो. पेशवाई बुडाल्यावर इतके सरदार आपल्या मुलींसह कोकणातल्या कारकुनांच्या शोधात हिंडत असतील, तर पेशवाई का बुडाली याचाही थोडा उलगडा होतो.

तोंडी पुरावे संपल्यावर मी कागदाकडे वळलो. इंग्रज सरकार कागदाचं भोक्तं, तेव्हा काहीतरी सापडेलच असा विश्वास होता. इंग्रजांनी 1886 साली जन्म, मृत्यू आणि विवाहांच्या नोंदणीचा कायदा केला खरा, पण तो ऐच्छिक. जे ऐच्छिक आहे ते करण्याची पद्धत आमच्या घराण्यात नाही. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या कुठेकुठे मिळतात, पण त्यांतली गंमत वेगळीच. बाळाची नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं. त्यामुळे नोंद असते ती ‘स्त्री’ आणि पुढे बापाचं नाव. म्हणजे मुलगी जन्मते तेव्हा कागदावर तिला बाप असतो पण नाव नसतं. पुढे सासरच्या कागदावर नाव असतं पण बाप नसतो. ही दोन्ही टोकं एकाच बाईची आहेत हे सांगणारा तिसरा कागद काढायचं कुणाला सुचलं नाही.

खानेसुमारीचीही तीच गत. 1881 साली हिंदुस्थानभर एकाच वेळी शिरगणती झाली, तेव्हा पणजी नक्कीच मोजली गेली असणार. पण विलायतेत त्यांनी आपल्या घरोघरच्या खानेसुमारीचे तक्ते जपून ठेवले, शंभर वर्षांनी लोकांना खुले केले. तिकडचा माणूस आपली पणजी 1881 साली कोणत्या गल्लीत कोणाबरोबर राहत होती हे घरबसल्या बघतो. इकडच्या तक्त्यांतले आकडे काढून झाले आणि मग तक्ते नष्ट केले गेले. आमची पणजी त्या कोट्यवधींच्या बेरजेत आहे एवढं मी शपथेवर सांगू शकतो. तिथून तिला वेगळी काढणं शक्य नाही.

सीमा ओलांडली असती तर कदाचित काम सोपं झालं असतं. माझा एक स्नेही मडगावचा. त्याच्या घरातल्या पोर्तुगीज अमलातल्या जन्मदाखल्यांवर बापाच्या आईबापांबरोबर आईच्या आईबापांचीही नावं आहेत. तो ते दाखले चार लोकांत काढून दाखवतो आणि आम्ही सावंतवाडीच्या अलीकडचे लोक खाली बघतो. कोणत्या साहेबाचं राज्य आपल्यावर आलं, यावर आपल्या पणजीला बाप मिळणार की नाही हे ठरतं.

पण इंग्रजांची स्वतःची स्थितीही काही ठिकाणी हलाखीचीच आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत इथे आलेल्या गोऱ्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई, मद्रास, बंगाल अशा वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत. ज्यांची पणजी अशा एखाद्या साहेबाची आणि हिंदुस्थानी बाईची मुलगी, त्यांना बापाचं नाव, पलटण, हुद्दा सगळं मिळतं. आईच्या जागी बहुधा काहीच नसतं, नाहीतर ‘देशी बाई’ असा मोघम शेरा असतो. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची मुलगी नूरुन्निसा विलायतेला पाठवली गेली आणि 1806 साली लंडनमध्ये बाप्तिस्मा होऊन कॅथरीन झाली. लग्नाआधीच नाव गेलं. तिकडचे वंशज आई शोधतायत आणि इकडचे बाप. दोन्हीकडे हरवलंय ते बाईकडचंच माणूस.

मग मी नाशिक गाठलं. तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे आपल्याकडचं खरं दप्तर. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते लांबलचक वही काढतात आणि तुमच्या खापरपणजोबांची सही समोर ठेवतात. अंगावर काटा येतो आणि दक्षिणा वाढते. हरिद्वारसारख्या क्षेत्रांच्या अशा वह्या अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने चित्रफितींवर उतरवून घेतल्यात, म्हणजे त्यांची किंमत मॉर्मन लोकांनाही कळली आहे. माझा कोल्हापूरकडचा एक मित्र तर याहून भाग्यवान. त्यांच्या दारात हेळवी यायचा, बैलावर वह्या लादून, आणि अंगणात बसून पिढ्यान्‌पिढ्या म्हणून दाखवायचा. पायली दोन पायली धान्यात संपूर्ण खानदान.

आमच्या उपाध्यायांनीही पणजोबा काढून दिले. सुंदर अक्षर, खाली भावांची नावं, मुलांची नावं, वडिलांचं, आजोबांचं. आणि पणजी? “आहेत ना,” उपाध्याय म्हणाले, आणि एका शब्दावर बोट ठेवलं : ‘सहकुटुंब’.

मी गुरुजींनाही गाठलं. कारण शास्त्रात सोय आहे. पितृपक्षात महालयाला आईचे वडील, त्यांचे वडील आणि त्यांचेही वडील अशी मातामहांची नावं घ्यावी लागतात. आजेपाडवा तर नातवाने आईच्या वडिलांसाठीच राखून ठेवलेला दिवस. म्हणजे माझ्या आजोबांनी आपल्या आईच्या बापाचं नाव वर्षानुवर्षं खणखणीत आवाजात उच्चारलेलं असणार. ते ऐकायला कावळे होते, गुरुजींचे आजोबा होते. लिहून मात्र कुणी ठेवलं नाही. गुरुजी म्हणाले, “काळजी करू नका. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं.” हिंदुस्थानातल्या समस्त हरवलेल्या माणसांचं पालकत्व काश्यप ऋषींनी विनातक्रार घेतलंय. पण महालयापुरता बाप आणि शोधापुरता बाप यांत फरक असतो.

शेवटी एक युक्ती सुचली. आमच्या कुलवृत्तांतात पणजी सून म्हणून आहे, तर कुठल्यातरी दुसऱ्या कुलवृत्तांतात ती मुलगी म्हणून असलीच पाहिजे! मी ग्रंथालयात ठाण मांडलं आणि परक्या घराण्यांच्या मुली तपासू लागलो. माझ्या वयाच्या माणसाने हे काम सार्वजनिक ठिकाणी करताना जरा सांभाळूनच करावं. आमच्या आडनावात, आमच्याच भागात, साधारण त्याच सुमारास दिलेली मुलगी शोधायची. अशा एक नाही, दोन नाही, तीन सापडल्या. तिघीही यमुना.

पहिल्या यमुनेचे वडील देवरुखकडचे वैदिक. दुसरीचे वाईचे सावकार. तिसरीचे गुहागरकडचे खोत. एका पणजीला तीन बाप झाले आणि घरात तीन पक्ष पडले. सावकारांच्या बाजूला थोरले काका, कारण सातारा जिल्हा तरी शाबूत राहत होता. खोतांच्या बाजूला चुलतभाऊ, त्याच्या मते तिकडे आपल्या हक्काची आमराई निघू शकते. वैदिकांच्या बाजूला कुणीच नाही. वैदिकांकडे इस्टेट नव्हती.

मग छाननी. वैदिकांचं गोत्र आणि आमचं गोत्र एकच निघालं. सगोत्र विवाह त्या काळात होणं नाही. आयुष्यात प्रथमच मला माझ्या गोत्राचा काही उपयोग झाला. सावकारांच्या यमुनेचं जन्मसाल बघितलं, तर त्या हिशेबाने पणजीला पहिला मुलगा तिच्या वयाच्या चौथ्या वर्षी झाला असता. काकांनी “छपाईची चूक असेल” म्हणून थोडा वेळ किल्ला लढवला. खोतांच्या यमुनेच्या पुढे बारीक अक्षरांत ‘बालविधवा, माहेरीच वारली’ असं होतं. ते वाचून सगळेच जरा गप्प झाले. चुलतभावाने आमराईवरचा हक्क सोडला. पणजी पुन्हा पोरकी झाली.

एवढ्यात न्यू जर्सीच्या भाच्याने थुंकीची तपासणी सुचवली. नळीत थुंकायचं, पाठवायचं, की पूर्वज कळतात. त्याने स्वतःची करून घेतली होती. सहा आठवड्यांनी त्याला कळलं की तो दक्षिण आशियातला आहे. हे त्याला त्याच्या शेजाऱ्यांनी फुकटात सांगितलं असतं. शिवाय त्या शास्त्रात आईकडून मुलीकडे, तिच्याकडून तिच्या मुलीकडे असा जो धागा उतरत जातो तो आईच्या आईकडे नेतो, बापाकडे नव्हे. आणि मी तर पणजीच्या मुलाच्या मुलाचा मुलगा. तिचा तो धागा माझ्यापर्यंत येत नाही. विज्ञानानेही माझ्याबाबतीत कुलवृत्तांताचीच पद्धत ठेवलेली दिसली.

याच काळात मी रखमाबाईंच्या खटल्याबद्दल वाचत होतो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या नांदायला जाईनात, म्हणून 1884 साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपील झालं, आणि 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंग. अखेर 1888 साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन विषय मिटवला, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

आता बघा. रखमाबाईंचे वडील कोण? जनार्दन पांडुरंग. आई कोण? जयंतीबाई. सावत्र वडील? डॉक्टर सखाराम अर्जुन. आईचे वडील? हरिश्चंद्र यादवजी. सगळं आपल्याला माहीत आहे. कुणाची मालमत्ता किती, कुणी कुणाला काय सांगितलं, कुठल्या मामाने कुणाचे कान भरले, सगळं छापील आहे. का? तर बाई भांडली म्हणून. तिच्या पिढीतल्या ज्या हजारो मुली निमूट नांदायला गेल्या, त्या गुणी होत्या, सोशिक होत्या, आणि त्यांचं माहेर उपलब्ध नाही.

कागद तयार व्हायला तंटा लागतो. राणी झालात तर नाव राहतं, आणि झाशीच्या राणीच्या जन्मसालाबद्दलही अजून वाद आहेत. लक्ष्मीबाई टिळकांसारखं पुस्तक लिहिलंत तर बापाचं सोवळंसुद्धा अजरामर होतं. हे दोन्ही जमलं नाही, तर कोर्ट. आपली पणजी सालस असावी असं प्रत्येक घराण्याला वाटतं. शोध घेणाऱ्याला वाटतं, देवा, ती कजाग निघू दे.

देवाने ऐकलं. गावच्या घराच्या माळ्यावर, जात्याच्या मोडक्या खुंट्यामागे, एक रुमाल निघाला. रुमाल म्हणजे जुने कागद बांधलेलं लाल फडकं. आत सगळं मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना सध्या चांगले दिवस आहेत. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तालुक्यातालुक्यांत धूळ झटकली जाऊ लागली. ज्या मोडीवाचकांना आधी घरातले लोकही विचारत नव्हते, त्यांच्याकडे वेळ घेऊन जावं लागू लागलं. आमचे मोडीवाचक पानावर पैसे घेत. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, हात उचलायची पद्धत नाही. त्यामुळे ते एक ओळ वाचत, थांबत, चहा घेत, आणि मग ती वेगळीच वाचत.

रुमालात दावा निघाला. फणसाचा.

परड्याच्या हद्दीवर एक फणस होता. पणजोबा वारल्यावर धाकट्या दिराने तो आपल्या हद्दीत घेतला. कोकणात जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं आणि फळ तिसऱ्याचं असू शकतं, त्यामुळे वकिलांना तिथे कायम बरकत. विधवा वहिनीने गप्प बसावं अशी दिराची अपेक्षा. वहिनी गेली मुनसफ कोर्टात. अर्जावर तिचं नाव होतं, ‘सीता कोम’ आणि पुढे पणजोबा. पुरुष असेल तर ‘बिन’ लिहून बाप सांगायचा, बाई असेल तर ‘कोम’ लिहून नवरा. मी कपाळाला हात लावला. इतकं भांडूनही बाप आडच!

“थांबा,” मोडीवाचक म्हणाले, “साक्षीदार आहेत.” आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. पहिल्याच साक्षीदाराच्या जबानीत त्याचं नाव, बापाचं नाव, वय, गाव आणि खाली स्पष्ट लिहिलेलं : अर्जदार बाई माझी सख्खी बहीण.

सापडला! पणजीचा बाप सापडला. नाव, आडनाव, गाव, सगळं. ते आडनाव मी इथे देत नाही, कारण त्या आडनावाची तीन बिऱ्हाडं आमच्याच सोसायटीत आहेत आणि पार्किंगवरून त्यांच्याशी आमचं बोलणं बंद आहे. सोयरे निघाले तर अवघड होईल.

तडजोड होऊन निम्मे फणस पणजीला मिळाले. पण माझं लक्ष दुसरीकडे लागलं. एवढा धडधडीत दावा घरात झालेला, आणि कुलवृत्तांतात ‘माहेर उपलब्ध नाही’ कसं? मी ग्रंथाची शेवटची पानं काढली, जिथे कोणत्या शाखेची माहिती कोणी पुरवली त्याची यादी असते. आमच्या शाखेची माहिती दिली होती धाकट्या दिराच्या नातवाने. आणि आत्याला विचारलं तर ती म्हणाली, “घोडी ना? ती वाटणीत त्यांच्याकडेच गेली हो.”

म्हणून घोडीचं कुळ पक्कं. पणजीचं माहेर त्यांना चांगलं माहीत होतं, त्याच माहेरच्या माणसाने कोर्टात उभं राहून त्यांचे निम्मे फणस घालवले होते. भांडली म्हणून ती सरकारी कागदात आली, आणि भांडली म्हणूनच घरच्या पुस्तकातून गेली. आपल्या इतिहासात जिथे जिथे ‘माहिती मिळत नाही’ असं छापलेलं असतं, तिथे तिथे कुणाचा तरी फणस शोधायला हवा, असं मला आता ठाम वाटतं.

ही बातमी सांगायला मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. जबानी मोठ्याने वाचली. नाव, बापाचं नाव, वय, गाव. मग पुढचा रकाना आला आणि मी जरा थांबलो. “वाच ना,” काका म्हणाले, “धंदा काय लिहिलाय?”

“आचारी,” मी म्हणालो. “बाप आचारी आणि भाऊही आचारी.”

नागपूरच्या काकूंनी पाण्याचं भांडं उचललं आणि तोंड झाकेल इतका वेळ पाणी प्यायल्या. चुलतभावाने मोडीवाचकाची पदवी विचारली. काका मात्र शांत होते. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ विचार केला, आणि उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. “आचारी म्हणजे कुणाचे? पेशव्यांच्या मुदपाकखान्यातले असणार. पेशवाई गेल्यावर बाजीरावसाहेब ब्रह्मावर्ताला गेले, सगळ्यांनाच थोडे बरोबर नेले असतील? उरलेले कोकणात परतले असतील.” वर्षांचा हिशेब बराचसा जुळत नव्हता. पण बाकीच्यांच्या माना डोलायला लागल्या होत्या. जेवण संपेपर्यंत पणजीचे वडील मुदपाकखान्याचे मुख्य झाले होते, आणि मठ्ठा वाढेपर्यंत त्यांना इनाम मिळालं होतं.

पुढच्या आवृत्तीत हे सगळं घालायचं ठरलं. सुनांनाही आकडे द्यावेत, अशी सूचना माझ्या मुलीने मांडली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव आणि मग बापाचं, असा नियम महाराष्ट्र सरकारने केलाच आहे, तेव्हा कुलवृत्तांताने मागे का राहावं? काकांनी ही सूचना विचारार्थ ठेवली. आमच्या घराण्यात विचारार्थ ठेवलेल्या सूचना माळ्यावर जातात.

आत्याला मी निघताना विचारलं, “आत्या, तू एवढं सगळं ऐकलंस. आचारी निघाले याचं तुला वाईट नाही ना वाटलं?”

“वाईट?” आत्या म्हणाली. “अरे, इतकी वर्षं मला कळत नव्हतं, काकू एका झाडासाठी कोर्टात का गेली. कारकुनाच्या घरात फणस म्हणजे नुसतं झाड. आचाऱ्याच्या मुलीला कळतं, कुयरीची भाजी, गऱ्यांची सांदणं, आठळ्यांची उसळ, साठं, पापड. निम्मं वर्ष निघतं एका फणसावर. आता सांग, हे त्या सरदाराच्या मुलीला कळलं असतं?”